भग्नावशेषांची कल्पनाचित्रे : रोमपासून रेवदंड्यापर्यंत

जी इमारत कधी उभीच नव्हती ती पडलेली म्हणून रंगवायची, ही युरोपीय चित्रकलेतली एक जुनी आणि मानाची प्रथा आहे. कमानी खचलेल्या, खांबांवर वेली चढलेल्या, फुटक्या घुमटातून आभाळ दिसते आहे. पण ती कमान आणि तो घुमट जगाच्या पाठीवर शोधून सापडत नाहीत. काही चित्रांत सगळी वास्तू निव्वळ मनातली असते. काहींत चार ठिकाणचे खरे अवशेष एका चौकटीत आणून बसवलेले असतात. आणि काही वेळा चित्रकार धडधाकट उभी असलेली वास्तूच कल्पनेने पाडून दाखवतो. इटलीत अशा चित्राला काप्रिच्चो म्हणत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार टिकला, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत टांगला गेला, छापील चित्रांतून स्वस्त झाला, आणि त्याची नजर घेऊन आलेल्या चित्रकारांनी पश्चिम भारतातली लेणी आणि किल्ले कागदावर उतरवले. श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, रायगड या टापूत खऱ्याखुऱ्या अवशेषांची वाण नाही. त्यामुळे या परंपरेची पारख करायला हा किनारा चांगली जागा आहे.

पंधराव्या शतकातल्या ख्रिस्तजन्माच्या चित्रांत पडकी इमारत आधीपासून दिसते. गोठा हा अनेकदा एखाद्या ढासळलेल्या वाड्याच्या आधाराने उभा असतो. जुने युग संपले, नवे सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ. अवशेष हा स्वतंत्र विषय झाला तो उत्तरेकडचे चित्रकार रोमला जाऊ लागल्यावर. हर्मन पोस्टुमुसने १५३६ मध्ये रंगवलेल्या निसर्गचित्रात रोमन तुकड्यांचा असा खच पडला आहे की पाय ठेवायला जागा दिसत नाही. मार्टेन फान हेमस्कर्कने रोमहून परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, १५५३ मध्ये, स्वतःचे व्यक्तिचित्र केले. पुढे त्याचा चेहरा, मागे कोलोसियम आणि कोलोसियमसमोर बसून रेखाटन करणारा एक लहानसा चित्रकार. अवशेष आणि ते पाहणारा माणूस दोघेही एकाच चित्राचा विषय झाले, आणि पुढची तीनशे वर्षे ही जोडी सुटली नाही.

सतराव्या शतकात नेपल्समध्ये काम करणाऱ्या फ्रांस्वा द नोमे याची चित्रे मात्र या सगळ्यांपासून वेगळी पडतात. त्याला आणि त्याचा सहकारी दिदिए बारा याला मिळून पुढे 'मोन्सू देसिदेरिओ' या एकाच नावाने ओळखले गेले. यहुदाचा राजा आसा मूर्ती फोडतो आहे, या विषयावरचे त्याचे चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. प्रचंड देवळाचे एका बाजूचे खांब त्यात त्याच क्षणी कोसळत आहेत, तुकडे अजून हवेत आहेत, दुसरी बाजू जशीच्या तशी उभी आहे. या सबंध परंपरेत पडण्याचा क्षण आणि पाडणारा हात असे समोरासमोर दाखवणारी चित्रे अगदी मोजकी आहेत. बहुतेकांना पडून झाल्यानंतरची शांतता हवी असते.

ही शांतता कशी बांधायची याचा साचा क्लोद लोरेंने घालून दिला. तो रोमभोवतीच्या माळरानात हिंडून रेखाटने करी आणि चित्र कार्यशाळेत जुळवी. एका कडेला गडद झाड, दुसऱ्या कडेला देवळाचा तुकडा, मधे पाणी, पाण्यापलीकडे फिकट होत गेलेले डोंगर, पुढे गुरे आणि गुराखी, वर सोनेरी उजेड. शंभर वर्षांनी इंग्लंडमधल्या जमीनदारांनी आपल्या बागा या साच्यावर बेतल्या आणि काहींनी तर बागेत मुद्दाम पडकी देवळे बांधून घेतली.

हॉलंडमधल्या याकोप फान राउस्डालचे 'ज्यूंची दफनभूमी' हे चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. साधारण १६५० च्या दशकात त्याने ते दोनदा रंगवले. एक प्रत डेट्रॉइटला, दुसरी ड्रेस्डेनला आहे. चित्रातली थडगी खरी आहेत: ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्क गावात पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंची दफनभूमी आहे, आणि त्यातल्या काही थडग्यांचे आकार आजही ओळखता येतात. बाकी सगळे राउस्डालने बाहेरून आणले. थडग्यांच्या मागची भग्न वास्तू तिथे नाही. डेट्रॉइटच्या प्रतीत ती एगमंडच्या अवशेषांवरून घेतलेली आहे असे मानले जाते. खळाळणारा ओढाही कल्पनेतला आहे. पुढ्यात सालपट गेलेले मेलेले झाड, वर काळे ढग आणि ढगांत इंद्रधनुष्य. तीन-चार ठिकाणची खरी सामग्री घेऊन रचलेले हे चित्र कुठल्याही एका जागेचे नाही. मृत्यू आणि आशा यांचा जो ताण चित्रकाराला मांडायचा होता तो मात्र पुरता उतरला आहे. कल्पनाचित्राला खोटेपणाचा ठपका का लावता येत नाही, ते या एका चित्रावरून कळते.

अठराव्या शतकात हा प्रकार भरभराटीला आला. युरोपभर फिरायला निघालेल्या तरुण उमरावांना रोमची आठवण म्हणून चित्रे हवी असत आणि जोव्हान्नी पाओलो पानीनी ती पुरवी. कोलोसियम, पँथिऑन, ट्राजनचा स्तंभ हे सगळे तो शेजारी शेजारी उभे करी. १७५७ च्या 'प्राचीन रोम' या चित्रात तर त्याने एक काल्पनिक दालन रंगवून त्याच्या भिंतींवर रोमच्या अवशेषांची डझनावारी चित्रे टांगलेली दाखवली. व्हेनिसमध्ये मार्को रिच्ची आणि कानालेत्तो यांनीही काप्रिच्चो केले. पिरानेसीचे माध्यम तांब्याच्या पत्र्यावरचे कोरीवकाम, त्यामुळे त्याच्या प्रतिमा युरोपात घरोघर गेल्या. १७४३ मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला. रोमच्या खऱ्या वास्तू दाखवतानाही तो माणसे इतकी लहान काढी की भिंती अवाढव्य वाटत. ते ठसे पाहून रोमला गेलेल्या काहींना खरे रोम लहान वाटले, यात नवल नाही.

उबेर रोबेर हा या परंपरेचा शिखरपुरुष. १७५४ ते १७६५ ही अकरा वर्षे तो रोममध्ये होता आणि पॅरिसला परतल्यावर 'अवशेषांचा रोबेर' याच नावाने प्रसिद्ध झाला. १७६७ च्या प्रदर्शनावर लिहिताना फ्रेंच लेखक दिदरोने त्याची चित्रे डोक्यावर घेतली, पण एक दोषही काढला: अवशेषांत माणसांची गर्दी फार आहे. कपडे वाळत घालणाऱ्या बाया, गुरे, फेरीवाले हे सगळे काढून टाकावे आणि एखादाच एकटा माणूस ठेवावा, म्हणजे काळाची भव्यता मनात उतरेल, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप पुढे रेवदंड्याच्या संदर्भात पुन्हा पाहावा लागेल.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात रोबेर तुरुंगात पडला आणि थोडक्यात वाचला. नंतर लुव्र राजवाड्याचे संग्रहालय करण्याच्या कामात तो होता. १७९६ च्या प्रदर्शनात त्याने लुव्रच्या मोठ्या दालनाची दोन चित्रे मांडली. एकात ते दालन वरून उजेड येईल अशा नव्या छतासह कसे सजवावे याची योजना होती. दुसऱ्यात तेच दालन कोसळलेले आहे: छत गेले आहे, आत गवत उगवले आहे, काही माणसे शेकोटीभोवती आहेत, आणि एक तरुण चित्रकार अपोलोच्या पुतळ्यासमोर बसून रेखाटन करतो आहे. जी वास्तू आपण हातांनी घडवतो आहोत तिचा शेवट त्याच वेळी, तितक्याच मायेने रंगवणे हे धैर्याचे काम होते. पाच-सात वर्षांत राजा, चर्च आणि मित्र यांचा नाश पाहिलेल्या माणसाला इमारतीच्या चिरंतनपणाची खात्री वाटली नसणार.

त्यानंतरचा युरोपातला प्रवास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीत कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने एल्डेनाच्या मठाची एकच भग्न भिंत आयुष्यभर निरनिराळ्या जागी नेऊन ठेवली. १८०९-१० च्या 'ओकवनातील मठ' या चित्रात तिच्या खालून संन्यासी शवपेटी नेत आहेत. बर्फातल्या मठाच्या दफनभूमीचे त्याचे चित्र १९४५ मध्ये बर्लिनमध्ये स्वतःच नष्ट झाले. लंडनमध्ये जोसेफ गँडीने १८३० मध्ये बँक ऑफ इंग्लंड वरून पाहिल्यासारखी, छप्पर उडालेली दाखवली, तीही बँकेचा वास्तुकार जॉन सोन याच्याच पदरी राहून. अमेरिकेत टॉमस कोलने १८३६ पर्यंत एका साम्राज्याचा उदय आणि नाश पाच चित्रांत मांडला.

या सगळ्या चित्रांत एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे वास्तू पडण्याचे कारण. रोमचे दगड पोपांनी नव्या वाड्यांसाठी उपसून नेले, एल्डेनाच्या विटा दुसऱ्या बांधकामांसाठी काढल्या गेल्या. चित्रात मात्र सगळे काळाने केलेले दिसते. वेल, शेवाळ आणि संधिप्रकाश यांनी माणसाचा हात झाकला जातो. रोममध्ये हे खपून जाते, कारण तिथे बांधणारे आणि पाडणारे दोघेही केव्हाच काळाआड गेलेले. पश्चिम भारतात हीच नजर आली तेव्हा मोडतोड ताजी होती.

मुंबईजवळच्या घारापुरीची चित्रे युरोपात लवकर पोचली. कार्स्टन नीबूर १७६४ मध्ये तिथे गेला होता आणि त्याने काढलेली चित्रे पुढच्या दशकात छापली गेली. कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स याची रेखाटने १८१३ च्या 'ओरिएंटल मेम्वार्स'मध्ये आली. त्यानंतर महत्त्वाचे नाव जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे. तो १७९१ मध्ये मुंबईला आला, पुण्याला जाऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र केले आणि मग लेण्यांच्या मागे लागला. १७९३ मध्ये टॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईला आले तेव्हा त्यांना लेणी दाखवणारा वेल्सच होता. १७९५ मध्ये साष्टीत काम करता करता तो तापाने गेला. वेरूळची त्याची चित्रे टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये छापली आणि ती १४४ चित्रांच्या 'ओरिएंटल सीनरी'चा भाग झाली.

डॅनियल चुलते-पुतणे कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, रेषेच्या अचूकपणाबद्दल दक्ष असत. तरीही चौकट क्लोदची आहे: कडेला झाड, पुढे दोन-चार माणसे, मागे धूसर डोंगर. रोमसाठी बनलेला हा साचा वेरूळला नीट बसत नाही. कैलास लेणे चिरा चिऱ्यावर ठेवून बांधलेले नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेले आहे; कमान निसटून ते ढासळणार नाही. त्यातली मोडतोड हात, सोंडा, चेहरे यांची आहे आणि बरीचशी माणसांनी केलेली आहे. चित्रात ती झाडाच्या सावलीत विरघळून जाते.

या कामात एक मराठी माणूस बरोबरीने होता. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करी. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे १७९० मधले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे, आणि त्याने काढलेली वेरूळची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांत लेण्याची रचना आधी येते आणि वातावरण नंतर. खांब किती, पायऱ्या कुठे, मूर्ती कोणत्या कोनाड्यात, हे सांगण्याची निकड त्याच्या रेषेत आहे. ते अवशेष म्हणून पाहायचे नाही, स्थळ म्हणून पाहायचे, ही त्याची नजर होती. भारतीय भग्नावशेषांच्या चित्रांचा इतिहास लिहिताना डॅनियलांना पाने आणि तांबटाला तळटीप देण्याची पद्धत आता सोडायला हवी.

मॅलेट आणि वेल्स यांच्या पुढाकाराने १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात मराठी मुलांना युरोपीय यथार्थदर्शन शिकवणारी चित्रशाळा निघाली, ती शनिवारवाड्यात. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७३० मध्ये या वाड्याचे काम सुरू केले. १८२८ च्या आगीत तो जळाला. आज तिथे दिल्ली दरवाजा, तटबंदी आणि आत नुसती जोती आहेत. वास्तू यथार्थदर्शनाने कशा रेखाटाव्यात हे जिथे शिकवले गेले ती वास्तूच तीस-पस्तीस वर्षांनी अवशेष झाली.

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या वास्तू चितारण्याचा युरोपीय व्यवहार आणखी सैल झाला. नौदलातल्या कॅप्टन रॉबर्ट एलियटची रेखाटने १८३० च्या दशकात 'व्ह्यूज इन द ईस्ट' या नावाने निघाली, तेव्हा सॅम्युएल प्राउट, क्लार्कसन स्टॅनफिल्ड अशा चित्रकारांनी ती इंग्लंडमध्ये बसून पुन्हा काढली. यातल्या बहुतेकांनी भारत पाहिला नव्हता. खऱ्या जागेचे नाव आणि कार्यशाळेतले आभाळ, असे हे अर्धे काल्पनिक चित्रण होते.

रायगड जिल्ह्यातल्या आणि गोव्यातल्या अवशेषांची कारणे मात्र तारखेनिशी ठाऊक आहेत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या आणि वाडे आगीत गेले. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ पासून किल्ला उभारला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसला, आणि १७४० मध्ये तहाने ते ठाणे मराठ्यांकडे आले; त्यानंतर तिथली चर्चे आणि मठ ओस पडले. सिद्दीचा जंजिरा लढाईत कधी पडलाच नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, सत्ता गेली आणि आतले वाडे राबता नसल्यामुळे खचले. जुन्या गोव्यात १८३५ नंतर धार्मिक संघ हद्दपार झाल्यावर इमारती पाडून चिरे पणजीच्या बांधकामाला नेले गेले. तोफा, तह, हुकूम आणि दुर्लक्ष अशी ही चार वेगवेगळी कारणे; 'काळाच्या ओघात' म्हटले की चारही एकाच धुक्यात जातात.

रेवदंडा हा तर जणू कोणी रचून ठेवलेला काप्रिच्चो आहे. किल्ल्याच्या तटाच्या आत माड आणि पोफळीच्या वाड्या आहेत, पाटाचे पाणी खेळते आहे, आणि पोफळींच्या शेंड्यांच्या वर सातखणी मनोरा निघालेला दिसतो. हा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. वरचे मजले ढासळले, नाव तेच राहिले. चर्चच्या भिंतींमध्ये छप्पर नाही, कमानींत वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. पण पानीनीच्या चित्रात नसलेली एक गोष्ट इथे आहे: ही जागा लोकांच्या रोजच्या कामाची आहे. तटाला लागून घरे आहेत, वाडीत शिंपणे चालते, सुपारी वाळत घातलेली असते. दिदरोने जी माणसे काढून टाकायला सांगितली तीच या अवशेषांना धरून आहेत. त्यांना वगळून काढलेले चित्र अधिक भव्य होईल, पण ते रेवदंड्याचे राहणार नाही. उबेर रोबेरने बाया आणि गुरे ठेवली, यात त्याचा डोळा दिदरोपेक्षा खरा होता. मूळ गोव्याचे डॉक्टर जुझे जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसई यांच्या अवशेषांवर पुस्तक लिहिले, त्यात छायाचित्रे होती. तिथून या किनाऱ्यापुरते रंगवलेले अवशेष मागे पडले आणि कॅमेरा पुढे आला.

कोकणात पडक्या वास्तूची चित्रे काढण्याची देशी परंपरा का घडली नाही, याची कारणे काही प्रमाणात हवेत आणि मालात आहेत. रोमचा काँक्रीटचा घुमट जवळपास दोन हजार वर्षे टिकतो. कोकणातले घर म्हणजे जांभ्याचे जोते, मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि वर कौले. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात, पावसाची बाजू झावळ्यांच्या झडींनी झाकावी लागते. चार वर्षे हात लागला नाही तर वासे कुजतात, आढे बसते, भिंती विरघळतात आणि जोते रानात जाते. मधली अवस्था, जी चित्रकाराला हवी असते, ती दोन-चार पावसाळ्यांचीच.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. देऊळ मोडकळीला आले की त्याचा जीर्णोद्धार करायचा, मूर्ती भंगली की तिचे विसर्जन करून नवी बसवायची, असा इथला आचार. भंगलेले तसेच ठेवून न्याहाळत बसणे हे या आचारात बसत नाही. ते अशुभच मानले गेले. श्रीवर्धनात पेशव्यांच्या मूळ स्थानाची आठवण पडक्या भिंतींनी ठेवलेली नाही, स्मारकाने आणि बाळाजी विश्वनाथांच्या पुतळ्याने ठेवली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला याची हळहळ वाटते, कारण जीर्णोद्धारात जुने लाकूडकाम, जुन्या शिळा, जुनी मापे पुष्कळदा जातात. पण देऊळ चालते राहते, हेही तितकेच खरे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्याला त्याचा तडाखा बसला. छपरे उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे झाड धरायला वर्षे लागतात, त्यामुळे नुकसान एका हंगामाचे नव्हते. त्या दिवसांत निघालेल्या छायाचित्रांना कोणी सुंदर म्हटले नाही. पडझड सुंदर दिसायला पाहणारा तिच्यापासून दूर असावा लागतो, काळाने तरी किंवा मालकीने तरी.

महाराष्ट्रात कल्पनाशक्ती चालली ती उलट दिशेने. रोबेरने उभे दालन पाडून दाखवले; मराठी चित्रकारांनी पडलेले वाडे उभे करून दाखवले. धुरंधरांनी शिवराज्याभिषेकाचे चित्र केले, दीनानाथ दलालांनी पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी चित्रे काढली, बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड' या चित्रपटासाठी गडावरचे प्रसंग उभे केले. या सगळ्यांत दरबार भरलेला आहे, तट शाबूत आहे, निशाण फडकते आहे. हीच गोष्ट दिवाळीत अंगणाअंगणांतून होते. दगड-गोट्यांवर चिखल थापून मुले किल्ला रचतात, उतारावर अळीव पेरून हिरवळ आणतात, बुरुजांवर मातीचे मावळे आणि वर सिंहासनावर महाराज बसवतात. सुट्टीत पाहिलेला गड पडका असतो, पण पडका किल्ला कोणी करत नाही. ज्यांच्या गडांवर तोफा डागल्या गेल्या त्यांच्या नातवंडांनी ते अभंग पाहायचे ठरवले, आणि १८९६ मध्ये रायगडावर भरलेल्या शिवोत्सवापासून या पाहण्याला सार्वजनिक रूप आले.

या उलट्या कल्पनाचित्रालाही आपले प्रश्न आहेत. रायगडावर जोती आहेत, स्तंभांचे तळखडे आहेत, १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने लिहिलेले वर्णन आहे. पण छपराचा उतार, महिरपींची नक्षी, भिंतींचे रंग यांचा पुरावा फार थोडा आहे. संगणकावर उभे केलेले राजवाडे त्यामुळे जोत्यापर्यंत इतिहास आणि त्यावर कल्पना असे असतात, आणि पाहणाऱ्याला ती सीमा दिसत नाही. पुरातत्त्वाच्या रेखाटनांत सापडलेला भाग एका रेषेने आणि तर्काने भरलेला भाग वेगळ्या, तुटक रेषेने दाखवण्याची रीत आहे. २०२५ मध्ये रायगड, खांदेरी आणि सुवर्णदुर्ग यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यापासून अशा चित्रांची मागणी वाढणार आहे. माहितीफलकांवर आणि पुस्तकांत ती रीत पाळली जावी, आणि शेजारी पाडणाऱ्याचे नाव व साल लिहिले जावे. रायगडच्या बाबतीत ते १८१८ आहे.